ओहम मास्तरांची गोष्ट

दरवर्षी गणपतीच्या आधी दोन दिवस मंडपातील वायरिंग तपासण्याचे काम माझ्याकडे असते. रेल्वेत इलेक्ट्रिकल विभागात नोकरी करतो म्हणून ते आपोआप माझ्या गळ्यात पडले, आणि आता ते मला आवडूही लागले आहे. गेल्या वर्षी मी मल्टिमीटर घेऊन दिव्यांच्या माळा तपासत होतो, तेव्हा आपल्याच मंडळातील सातवीतली एक मुलगी शेजारी उभी राहून पाहत होती. मीटरवरच्या घोड्याच्या नालेसारख्या खुणेकडे बोट दाखवून तिने ते काय आहे असे विचारले. मी सांगितले, ते ओहम, रोध मोजण्याचे एकक. त्यावर तिने विचारले की ओहम नावाचा माणूस होता का, आणि होता तर तो कसा होता.

खरे सांगायचे तर मला उत्तर देता आले नाही. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापासून आजपर्यंत हे नाव मी हजारो वेळा लिहिले असेल. पण तो माणूस कुठला, पोटापाण्यासाठी काय करत होता, याचा विचारच कधी केला नव्हता. मग वर्षभर जमेल तसे वाचत गेलो. यंदा स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. मी काही लेखक नाही. त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर इथे लिहितो आहे, एवढेच.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी आजच्या जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. तिकडे नावाचा उच्चार गेऑर्ग असा करतात, आपल्या पुस्तकांत मात्र जॉर्ज रूढ आहे. आपल्याकडे तेव्हा पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचा काळ होता. वडील कुलपे-किल्ल्या बनवणारे कारागीर, आई एका शिंप्याची मुलगी. सात भावंडांपैकी तिघेच जगले. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईही गेली.

वडील शाळेत फारसे शिकलेले नव्हते, पण त्यांनी स्वतःच्या बळावर गणित आणि विज्ञान आत्मसात केले होते. दिवसभर कानस-हातोडा चालवणारा हा माणूस आपल्या दोन्ही मुलांना स्वतः गणित, पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवत असे. मुलांची तयारी इतकी झाली की लांग्सडॉर्फ नावाच्या प्राध्यापकाने मोठ्या मुलाची परीक्षा घेतली तेव्हा त्याला स्वित्झर्लंडमधल्या बर्नुली या प्रसिद्ध गणिती घराण्याची आठवण झाली. धाकटा भाऊ मार्टिन पुढे बर्लिनमध्ये गणिताचा नामांकित प्राध्यापक झाला. कारागिराच्या घरातून दोन शास्त्रज्ञ निघाले, याचे श्रेय सर्वांत आधी त्या बापाला द्यावे लागेल.

१८०५ साली जॉर्ज एर्लांगेनच्या विद्यापीठात दाखल झाला. वय सोळा, घराबाहेरचे वारे नवे. अभ्यासापेक्षा नाच, बर्फावरचे स्केटिंग आणि बिलियर्ड्स यांतच तो जास्त रमला. तीन सहामाह्या अशा गेल्यावर वडिलांचा संयम संपला. आपल्याला मिळाली नाही ती संधी मुलगा वाया घालवतो आहे, हे त्यांना सहन होईना. त्यांनी त्याला विद्यापीठातून काढून १८०६ मध्ये स्वित्झर्लंडला गणिताचा शिक्षक म्हणून पाठवले. शिकायच्या वयात शिकवायची वेळ आली. पण तिथे त्याने स्वतःचा अभ्यास नेटाने चालू ठेवला. १८११ मध्ये तो एर्लांगेनला परतला आणि त्याच वर्षी त्याने डॉक्टरेट मिळवली.

डॉक्टरेट मिळाली तरी नोकरी मिळेना. विद्यापीठात काही दिवस शिकवले, पण तेवढ्यावर पोट भरणार नव्हते. १८१३ मध्ये बाम्बर्गच्या एका साध्या शाळेत जागा मिळाली, ती शाळा १८१६ मध्ये बंदच झाली. अखेर १८१७ च्या सप्टेंबरमध्ये कोलोन शहरातील एका चांगल्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञानाचा शिक्षक म्हणून ओहम रुजू झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्याकडे खडकीची लढाई झाली आणि पुढच्या वर्षी पेशवाई संपली. तंजावरला तेव्हा दुसरे सरफोजीराजे भोसले होते. बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली कोरलेला त्यांचा मराठी शिलालेख आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिला असेल. काळाचा अंदाज यावा म्हणून हे सांगितले.

कोलोनच्या शाळेत एक मोठी सोय होती. तिथली प्रयोगशाळा चांगली होती, आणि शाळा सुटल्यावर ओहमना ती वापरता येई. शिवाय वडिलांच्या दुकानात हाताला लागलेली सवय उपयोगी पडली. लागेल ते उपकरण ते स्वतः घडवू शकत.

आता त्या वेळी विजेबद्दल काय माहीत होते, ते थोडक्यात पाहू. १८०० साली व्होल्टा यांनी बॅटरी तयार केली होती. १८२० साली डेन्मार्कच्या ओरस्टेड यांना दिसले की तारेतून वीज वाहू लागली की जवळची होकायंत्राची सुई हलते. म्हणजे वीज किती वाहते आहे हे सुईच्या हलण्यावरून मोजता येणार होते. पण तीच बॅटरी एका तारेला जोडली की सुई जास्त हलते आणि दुसऱ्या तारेला जोडली की कमी, याचा हिशेब कोणालाच मांडता येत नव्हता. व्होल्ट, अँपिअर, ओहम ही एकके तेव्हा नव्हती. दाब वेगळा, प्रवाह वेगळा आणि अडथळा वेगळा, ही फोडसुद्धा स्पष्ट झालेली नव्हती. आपण ज्याला बेरीज-वजाबाकीइतके सोपे समजतो, ते तेव्हा धुक्यात होते.

इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिश यांना हा नियम ओहमच्याही आधी, १७८१ च्या सुमारास सापडला होता. त्यांच्याकडे मीटर नव्हता, म्हणून ते स्वतःच्या अंगातून झटका घेत आणि तो किती जोराचा लागला यावरून अंदाज बांधत! पण त्यांनी हे कुठेही छापले नाही. शंभर वर्षांनी, १८७९ मध्ये, मॅक्सवेल यांनी त्यांचे कागद प्रसिद्ध केले तेव्हा जगाला ते कळले. सापडलेली गोष्ट कागदावर आणून लोकांपुढे ठेवली नाही तर ती नसल्यासारखीच असते. आपल्या खात्यातील टेस्ट रजिस्टरलाही हेच लागू आहे.

ओहमनी १८२५ साली आपला पहिला निबंध छापला. त्यात त्यांनी तारेची लांबी वाढवत नेली की प्रवाह किती घटतो याचे एक सूत्र दिले. ते सूत्र चुकीचे होते.

चूक का झाली हे समजून घेण्यासारखे आहे. त्यांच्याकडच्या बॅटऱ्या रासायनिक होत्या. तार जोडली की सुरुवातीला जोर जास्त असे आणि प्रवाह चालू राहिला की तो उतरत जाई. जुनी झालेली बॅटरी लावून टॉर्च पेटवला की आधी झगझगीत आणि मग मंद होत जातो, तसेच. म्हणजे मोजायची वस्तू तार, पण मोजमाप चालू असताना दाबच बदलत होता. अशा आकड्यांवर बसवलेले सूत्र बरोबर येणार कसे?

ओहमच्या जागी दुसरा कोणी असता तर छापलेल्या सूत्राला चिकटून राहिला असता. वय छत्तीस, विद्यापीठाच्या जागेची आस, पहिलाच महत्त्वाचा निबंध, आणि तोच चुकला हे स्वतः सांगणे सोपे नाही. ओहमनी मात्र प्रयोग पुन्हा पहिल्यापासून मांडला. पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकांनी त्यांना रासायनिक बॅटरी सोडून उष्णतेवर चालणारी जोडी वापरायला सुचवले होते. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांपैकी एक गरम आणि एक थंड ठेवला की वीज निर्माण होते, हे झेबेक यांना त्याआधी काही वर्षे आढळले होते. आज आपण भट्टीचे तापमान मोजायला थर्मोकपल वापरतो, तेच हे. ओहमनी बिस्मथ आणि तांब्याची जोडी केली, एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. उकळते पाणी आणि वितळणारा बर्फ, दोघांचेही तापमान आपले आपण स्थिर राहते. त्यामुळे दाबही स्थिर राहिला. दाब फारच थोडा होता, पण हलत नव्हता.

मग त्यांनी एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सर्वांत छोटी २ इंचांची, सर्वांत लांब १३० इंचांची. एकेक तार जोडायची, सुई हलली की ती ज्या तारेवर टांगली होती त्या तारेला पीळ देऊन सुई पुन्हा मूळ जागी आणायची, आणि किती पीळ द्यावा लागला ते लिहून ठेवायचे. जानेवारी १८२६ मधले त्यांचे आकडे आजही उपलब्ध आहेत. २ इंचांच्या तारेला पीळ लागला ३२६.७५, ३४ इंचांच्या तारेला १३४.५ आणि १३० इंचांच्या तारेला ४८.५.

आता वाचकांनी कागद-पेन्सिल घ्यावी. तार ६५ पट लांब झाली, पण प्रवाह ६५ पट कमी न होता फक्त पावणेसात पट कमी झाला. असे का? ओहमना उत्तर सापडले ते असे, की वीज केवळ त्या तारेतून जात नाही, ती उर्वरित उपकरणातूनही जाते आणि त्याचाही काही अडथळा असतो. तो अडथळा त्यांनी काढला, तशाच तारेच्या २०.२५ इंचांइतका. तो प्रत्येक लांबीत मिळवा. २ चे झाले २२.२५, ३४ चे ५४.२५, १३० चे १५०.२५. आता प्रत्येक बेरजेला त्या त्या प्रवाहाने गुणा. उत्तरे येतात साधारण ७२७०, ७२९७ आणि ७२८७. तिन्ही जवळजवळ सारखीच! हा न बदलणारा गुणाकार म्हणजेच त्या थर्मोकपलचा दाब. प्रवाह गुणिले एकूण रोध बरोबर दाब. शाळेच्या पुस्तकातला ओहमचा नियम तो हाच, आणि तो एका शाळामास्तराने घरी घडवलेल्या उपकरणावर, बर्फ आणि गरम पाणी वापरून शोधला.

या दोन आकड्यांवरून तिसरा काढण्याची किल्ली जगाला मिळाली. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. मला तर वाटते, कुलपे बनवणाऱ्याच्या मुलाने बनवलेली ही सर्वांत उपयोगी किल्ली.

यानंतर ओहमनी अर्ध्या पगारावर एक वर्षाची रजा घेतली, भावाकडे बर्लिनला गेले आणि १८२७ मध्ये आपले पुस्तक प्रसिद्ध केले. फ्रान्सच्या फूरिए यांनी उष्णता धातूतून कशी वाहते याचे गणित नुकतेच मांडले होते. त्याच धर्तीवर ओहमनी विजेच्या वाहण्याचे गणित बांधले. त्यांना आशा होती की आता तरी विद्यापीठात जागा मिळेल.

झाले उलटेच. त्या काळी तिकडच्या अनेक विद्वानांना निसर्गाचे ज्ञान तत्त्वचिंतनातून मिळते असे वाटे, आणि विजेसारख्या गोष्टीला गणितात बसवणे त्यांना पटत नव्हते. पोल नावाच्या एका विद्वानाने पुस्तकावर कडक टीका केली. बाकीच्यांनी टीका करण्याचेही कष्ट घेतले नाहीत. शिक्षण खात्याकडूनही दाद मिळाली नाही. मन उद्विग्न होऊन ओहमनी मार्च १८२८ मध्ये कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. पुढची पाच वर्षे त्यांना कायमची जागा नव्हती. बर्लिनच्या लष्करी शाळेत आठवड्यातले काही तास शिकवून ते दिवस काढत होते. ज्याच्या नियमावर पुढे सारे विद्युत अभियांत्रिकी उभे राहायचे होते, तो माणूस चाळिशीत तासिकांवर जगत होता.

१८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निक शाळेत त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली आणि तिथे त्यांनी सोळा वर्षे काढली. हे वाचले तेव्हा मला विशेष आनंद झाला. आमच्यासारख्या डिप्लोमावाल्यांना पॉलिटेक्निक हा शब्द आपला वाटतो. कार्यालयात, लग्नाच्या बोलण्यांत, कधी आपल्याच माणसांत, नुसता डिप्लोमाच ना, असा सूर आपण ऐकलेला असतो. ओहम हे आपल्या पंथाचे मास्तर होते, असे मी आता बिनदिक्कत सांगतो. त्या संस्थेची वारसदार असलेली न्यूरेंबर्गची तंत्रशिक्षण संस्था आज त्यांचेच नाव लावते.

रेल्वेवाल्यांसाठी आणखी एक गंमत. जर्मनीतील पहिली वाफेची आगगाडी ७ डिसेंबर १८३५ रोजी धावली ती याच न्यूरेंबर्गहून शेजारच्या फ्यूर्टपर्यंत. ओहम तेव्हा त्याच गावात शिकवत होते. वाफेच्या त्या गाडीत आणि त्यांच्या वहीतल्या सूत्रात पुढे काय नाते जुळणार आहे, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी असणार! १८७९ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात वेर्नर सीमेन्स यांनी विजेची छोटी गाडी चालवून दाखवली, तेव्हा ते नाते जुळले.

दरम्यान, हळूहळू का होईना, इतर लोक ओहमचे आकडे तपासून पाहू लागले होते. लाइप्झिगला फेखनर यांनी १८३१ मध्ये मोजणी करून ते खरे ठरवले. रशियात लेंझ, फ्रान्समध्ये पुइये याच निष्कर्षाला आले. अखेर १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहमना आपले मानाचे कोप्ली पदक दिले. पुस्तक छापून चौदा वर्षे झाली होती. मायदेशाच्या आधी परदेशाने ओळखले, हा अनुभव आपल्याकडेही नवा नाही.

त्याच १८४१ साली मँचेस्टरच्या जेम्स जूल या तरुणाने गोष्टीचा दुसरा भाग पुरा केला. बिअर बनवणाऱ्या घराण्यातला हा मुलगा. त्याने मोजून दाखवले की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. ओहमने रोध दिला, जूलने शक्तीचा हिशेब दिला. दाब गुणिले प्रवाह म्हणजे शक्ती, वॅटमध्ये. किंवा प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, तीही तीच शक्ती. व्होल्ट आणि अँपिअर हे दोनच आकडे हातात असले की भागून रोध मिळतो आणि गुणून शक्ती.

यातला वर्ग हा शब्द फार महत्त्वाचा आहे. त्याचा धडा मला पुस्तकाच्या आधी मंडपात मिळाला. मी आठवीत असताना गावाकडच्या एका मंडळात स्टेजमागे धूर झाला. मंडळाचे नाव सांगत नाही. खांबापासून मंडपापर्यंत पातळ वायर ओढली होती, उरलेल्या वायरीचे भेंडोळे स्टेजखाली ठेवले होते, आणि पुढे मोठे हॅलोजन लावले होते. भेंडोळे वितळले, पडद्याने पेट घेतला. एका आजोबांनी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला म्हणून निभावले. कोणाला इजा झाली नाही. मोठी माणसे बाप्पाने वाचवले म्हणाली, आणि मलाही तसेच वाटले.

पुढे डिप्लोमाला असताना एका रात्री मी त्याचा हिशेब मांडला. ५०० वॅटचे सहा हॅलोजन म्हणजे ३००० वॅट. २३० व्होल्टने भागले की १३ अँपिअर. वायर १ एमएमची, अंतर ५० मीटर, जाऊन-येऊन १०० मीटर तांबे, म्हणजे रोध साधारण १.८ ओहम. प्रवाह गुणिले रोध, सुमारे २३ व्होल्ट वाटेतच गेले, म्हणून दिवे मंद दिसत होते. आणि प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध म्हणजे १६९ गुणिले १.८, जवळजवळ ३०० वॅट उष्णता त्या वायरीत. मोकळ्या हवेत ती पसरून गेली असती, भेंडोळ्यात कोंडली गेली. तीच वायर ४ एमएमची असती तर रोध पाव झाला असता आणि उष्णता ७६ वॅट. दोन ओळींचे गणित कोणीतरी आधी केले असते तर आजोबांना धावावे लागले नसते. त्या रात्रीपासून ओहमचा नियम माझ्यासाठी परीक्षेचा राहिला नाही. आपल्या मंडपात वायरीचे भेंडोळे दिसले की मी का ओरडतो, हे आता कार्यकर्त्यांना कळेल.

एक सूचना मात्र करतो. हॅलोजन किंवा जुना पिवळा बल्ब थंड असताना मल्टिमीटरने मोजला तर रोध फारच कमी दिसतो. ५०० वॅटच्या दिव्याचा हिशेबाने रोध येतो सुमारे १०६ ओहम, मीटर मात्र त्याच्या कितीतरी खाली दाखवतो. मीटर बिघडलेला नसतो. तार तापली की तिचा रोध वाढतो. 

हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर आपल्या रुळांवर दिसतो. भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. आपल्या मद्रासमध्ये १९३१ मध्ये बीच ते तांबरम मार्ग त्याच दाबावर सुरू झाला. आता समजा, इंजिनाला ४५०० किलोवॅट शक्ती हवी आहे. १५०० व्होल्टवर त्यासाठी ३००० अँपिअर लागतात. २५,००० व्होल्टवर फक्त १८०. एसीमध्ये पॉवर फॅक्टर वगैरे इतर गोष्टी येतात, त्या सध्या बाजूला ठेवू. प्रवाह सुमारे १६.७ पट कमी झाला, म्हणून त्याच तारेतली उष्णतेची नासाडी वर्गाने, म्हणजे जवळजवळ २७८ पट कमी झाली. डीसीला दर काही किलोमीटरवर सबस्टेशन लागते, २५ केव्हीला पन्नासेक किलोमीटरवर एक पुरते, याचे मोठे कारण हेच. मद्रासने १९६० च्या दशकात २५ केव्ही घेतले, मुंबईच्या लोकलचा बदल २०१६ मध्ये पूर्ण झाला. आपल्या अण्णा नगरच्या शेजारी १९५५ पासून डबे बनवणाऱ्या आयसीएफमधून २०१८ मध्ये पहिली वंदे भारत बाहेर पडली, तीही याच दोन सूत्रांना धरून.

ओहमच्या आयुष्याकडे परत येऊ. १८४९ मध्ये ते म्युनिकला गेले आणि १८५२ मध्ये तिथल्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. तरुणपणापासून ज्या जागेची वाट पाहिली ती त्रेसष्टाव्या वर्षी मिळाली. तिचा लाभ दोनच वर्षे झाला. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिकमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नव्हते. आदल्या वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली प्रवासी गाडी धावली होती.

१८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेत रोधाच्या एककाला ओहमचे नाव देण्यात आले. १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत त्याचे नेमके माप ठरले: वितळत्या बर्फाच्या तापमानाला १०६.३ सेंटिमीटर लांबीचा, १४.४५२१ ग्रॅम वजनाचा पाऱ्याचा स्तंभ. १८९३ हे साल वाचून मी थबकलो. त्याच वर्षी लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली. आपला मंडप आणि त्यातल्या मीटरवरचे ते एकक यांचे पक्के माप, दोघे एका वयाचे आहेत!

तर बाळ, तू विचारलेस ओहम कसा होता. तो कारागिराचा मुलगा होता. शिकायच्या वयात त्याने थोडा वेळ वाया घालवला, आणि मग भरून काढला. आयुष्यातला बराचसा काळ तो मास्तर होता. त्याने छापलेले पहिले सूत्र चुकले होते, ते त्याने स्वतः शोधले आणि सर्वांसमक्ष दुरुस्त केले. लोकांनी दखल घेतली नाही तेव्हा त्याला फार वाईट वाटले, पण त्याने आपले आकडे बदलले नाहीत. आकडे खरे होते, म्हणून उशिरा का होईना, लोकांना त्यांच्याकडे यावे लागले.

यंदा मंडपाची तपासणी करताना मीटर तुझ्या हातात देणार आहे. वाचलेला आकडा आधी लिहायचा, मग बोलायचे. चुकला तर खोडून पुन्हा मोजायचा. बुद्धीच्या देवतेची ती पण पूजाच आहे.

गणपती बाप्पा मोरया!